धुण्याच्या सोड्याची विभूती

वहिनी, तुझ्या खड्याची लोकांनी विभूती केली. कपाळाला लावली, कागदाच्या पुड्या बांधून घरी नेली. तेच लोक, आणि तीच लिफ्टसमोरची जागा, जिथे तुझ्या नावानं नोटीस चिकटवली होती. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि माझ्या डोक्याला हा ताप! तू असतीस तर म्हणाली असतीस, "बेबी, ओरडू नको, बीपी वाढेल." ओरडणार मी. मला गप्प करायचं होतं तर थांबायचं होतंस ना.

दादानं पेपरात द्यायला चार ओळी लिहिल्या होत्या. प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. मी म्हटलं, "अरे, ही कुणाचीही बायको झाली. धुण्याच्या सोड्याचे खडे बनवायच्या, असं लिही की." तो म्हणाला, "असं कुणी छापतं का गं?" रडत होता बिचारा, त्याच्याशी काय भांडणार. म्हणून हे मी लिहितेय. तुझी नणंद, उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये फॉल-बिडिंगचं दुकान चालवणारी, जिला तू केमिस्ट्रीत ढ म्हणायचीस.

बीएस्सी केमिस्ट्री करून तू अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लागलीस, पण ऑफिसात. आयुष्यभर चलनं फाडलीस. बाहेर ड्रम उतरायचे, त्यांच्यावरची नावं तेवढी वाचायला मिळायची. एकदा मला म्हणाली होतीस, "बेबी, लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून नुसता जेवणाचा वास घ्यावा, तशी नोकरी केली मी." रिटायर झालीस आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर. म्हणालीस, "चल, मला सोडा घेऊन दे."

मला वाटलं खाण्याचा. तुला हवा होता धुण्याचा, तोही पाकिटातला नाही, गोणीतला सुटा. लाँड्रीवाल्यांना माल देणाऱ्या सेठकडे मी तुला घेऊन गेले. त्यांच्या सिंधीत ताईला अदी म्हणतात, तसं तो म्हणाला, "कितना दूँ, अदी? लाँड्री खोली है क्या?" तू म्हणालीस, "नहीं सेठ, देखना है." तो माझ्याकडे बघायला लागला. "सोडे में क्या देखना, अदी?" मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. परवा तू गेल्याचं सांगितलं तर त्यानं दुकानाचा पंखा बंद केला आणि म्हणाला, "वो देखने वाली अदी?" बघ, त्याच्याकडे तरी तुझी नीट ओळख आहे.

शिरगावातल्या तुझ्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात मग कारखाना सुरू झाला. गरम पाण्यात मावेल तेवढा सोडा विरघळवायचा. त्याचं पाणी असं करडं व्हायचं की बघवत नसे. मग माझ्या दुकानातलं सुती अस्तर चौपदरी करून त्यातून गाळायचं, फडक्यात माती आणि गोणीचे तंतू राहायचे. गाळलेलं पाणी झाकून थंडीत ठेवायचं. सकाळी तळाला काचेसारखे खडे. वरचं उरलेलं पाणी ओतून द्यायचं, कारण जो मळ गाळून जात नाही तो त्या पाण्यात राहतो, आणि सोडा तेवढा खडा होऊन बाहेर येतो. ते खडे परत विरघळवायचे, परत तेच. उन्हाळ्यात धंदा बंद, उकाड्यात खडे धरत नाहीत म्हणायचीस. तुझा हंगाम दिवाळीनंतरचा. आमच्याकडे लग्नाचे ब्लाऊज यायला लागले की समजायचं, वहिनीच्या खड्यांचे दिवस आले.

मी विचारलं होतं, "एवढं शुद्ध करून करायचंय काय? पुरणात घालायचाय?"

"बघायचंय."

"बाजारात शुद्ध बाटली मिळते की."

"मिळते ना. पण ती शुद्ध आहे हे कुणीतरी सांगितलेलं. ही मी बघितलेली."

माझा काय संबंध या सगळ्याशी? पण मला त्यात ओढलंसच. तो धुण्याच्या पावडरीतल्या निळ्या दाण्यांचा रविवार आठवतो? आपण दोघी फरशीवर ताट घेऊन बसलो, तांदूळ निवडतात तशी पावडर निवडत. पांढरं एकीकडे, निळे दाणे दुसरीकडे. दादा येऊन बघून गेला, परत आला, परत गेला. ते निळे दाणे तू पाण्यात टाकलेस. रंग सुटला आणि खाली राहिलं ते नुसतं रंगवलेलं मीठ. तू मांडीवर थाप मारून हसलीस. "ह्याच्यासाठी जाहिरातीत बायका नाचतात गं!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो दोघी. मला आयुष्यभर सगळ्यांनी "ऐक" म्हटलं, वहिनी. आईनं, दादानं, गिऱ्हाइकांनी, डॉक्टरनं. "बघ" म्हणणारी तू एकटीच. तुझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांनाही तेच सांगायचीस. पोरगं म्हणालं की बाई, आम्ही मानतो तुमचं, की लगेच, "मानू नकोस. ये, बघ."

आणि अशा बाईला ह्यांनी गुन्हेगार केलं.

हवा फिरली की आपल्याकडे वास येतो, हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. लोक खिडक्या लावून घेतात. सोसायटीच्या ग्रुपवर एकजण विचारतो, वास येतोय का? दहाजण म्हणतात, आम्हालाही. मग कुणीतरी गुड नाइटचं फूल टाकतं की संपलं. कुठल्या कंपनीनं काय सोडलं, कुणाच्या बापाची विचारायची हिंमत नाही. त्या संध्याकाळी मात्र कुणीतरी लिहिलं, तिसऱ्या मजल्यावर एक बाई केमिकल करतात. झालं! एवढ्या मोठ्या चिमण्या उभ्या आहेत डोळ्यांसमोर, आणि ह्यांना सापडली माझ्या वहिनीची पातेली.

मी तेव्हा तुझ्याकडेच होते, म्हणून बरं. नाहीतर तू मला सांगितलंही नसतंस. सेक्रेटरी म्हसकर पुढे, बाकी कमिटी मागे. दारातच उभे, नाकाला रुमाल.

"मॅडम, हे रेसिडेन्शियल आहे. केमिकल अलाउड नाही."

तू म्हणालीस, "अहो, या ना आत. धुण्याचा सोडा आहे. वास घेऊन बघा, याला वासच नसतो." आणि पातेलं उचलून त्यांच्यापुढे धरलंस.

म्हसकर दोन पावलं मागे. "नाही नाही, आम्हाला नाही घ्यायचा वास. उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू पातेलं खाली ठेवलंस आणि हात जोडलेस. म्हणालीस, "चुकलं माझं. उद्यापासून बंद." ते गेले. तू एकेक भांडं मोरीत रिकामं केलंस, शांतपणे, भाताचं पाणी ओतावं तसं. दुसऱ्या दिवशी लिफ्टसमोर नोटीस लागली, फ्लॅट नंबरासकट. ती काढायला गेले तर तू माझा हात धरलास.

काय चुकलं होतं गं तुझं? सांग ना! मी तेव्हाही विचारलं, नंतर फोनवर विचारलं, मागच्या महिन्यात तू दुकानात परकर शिवायला टाकायला आलीस तेव्हाही विचारलं. तुझं एकच, "घाबरली होती ती माणसं. घरात पोरं खोकत होती त्यांची."

"घाबरले होते तर कंपनीच्या गेटवर जायचं."

"तिथे जायलाही घाबरतात."

"म्हणून तुझ्या दारात यायचं?"

"माझ्या दारात यायला भीती वाटत नाही, हे चांगलंच आहे की."

हे काय उत्तर झालं? मी कात्री आपटली. तू हसलीस आणि म्हणालीस, नंतर बोलू, दादा जेवायला थांबला असेल. तो परकर अजून दुकानात आहे, नाडी ओवून ठेवलेला. नंतर कधी बोलायचं ते आता तूच सांग.

एक खडा तेवढा तू वाचवला होतास. सगळ्यात मोठा, माझ्या फॉलच्या दोऱ्याला टांगून वाढवलेला, आरपार दिसणारा. काचेच्या बरणीत, घट्ट झाकण लावून, डाळींच्या रांगेत. दादा एकदा झाकण काढायला गेला तर ओरडली होतीस त्याच्यावर. "हवा लागू देऊ नका! त्याच्यातलं पाणी उडून जाईल, पांढरा पडेल, पीठ होईल त्याचं." दादानं तेव्हा मान हलवली आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

तू गेल्यावर सोसायटीनं शोकसभा घेतली. मी नव्हते, असते तर झाली नसती. म्हसकर दादाकडे गेले, म्हणाले, ताईंची काही आठवण असेल तर द्या, फोटोशेजारी ठेवू. दादाला काय सुचणार त्या दिवसांत? त्यानं बरणी दिली. त्यांनी खडा काढून स्टीलच्या ताटलीत ठेवला, लिफ्टसमोर, तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढे. बरणी कुणीतरी घरी नेली. पोह्यांना बरी पडेल म्हणून नेली असेल, मला खात्री आहे.

थंडीची कोरडी हवा, गेटमधून येणारं ऊन, दिवसभर उघडं ताट. व्हायचं तेच झालं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी वंदनेला यायच्या आधी, मी सकाळीच आले. हातात पांढऱ्या फुलांची पिशवी, डोक्यात तुझीच भांडणं. बघते तर लिफ्टसमोर गर्दी. चपला काढून उभे होते लोक! ताटलीत तुझा खडा नव्हता, पांढरा ढिगारा होता. आपल्या घरात कधी हळदीकुंकवाचं ताट फिरलं नाही, पण कुणीतरी भक्तिभावानं त्यावर ओल्या हळदीची बोटं टेकवली होती आणि ती जागा लालभडक झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या नलूताई सगळ्यांना सांगत होत्या, "आधी पांढरं फेक झालं. आज हळद लावली तर हळदीचं कुंकू! सवाष्ण गेल्या ना, कुंकू दाखवलं वहिनींनी."

वहिनी, ह्याच नलूताई. शर्टावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावल्यावर लाल झाला की रोज बघतात. धुतात, वाळत घालतात, परत बघतात. घरी साबणानं झालं तर डाग, आणि लिफ्टपुढे सोड्यानं झालं तर चमत्कार!

मी म्हटलं, "अहो, सोडा आहे तो. धुण्याचा."

कुणी ऐकेना. कपाळावर पांढरे पट्टे घेऊन उभे सगळे. आणि तेवढ्यात एका बाईनं हातातल्या पुडीतून चिमूटभर विभूती उचलली आणि कडेवरच्या तान्ह्या मुलीच्या तोंडाकडे नेली. प्रसाद म्हणून! मी तिच्या हातावर असा फटका मारला की पुडी भिंतीवर. "जीभ भाजेल पोरीची! अक्कल गहाण टाकलीय का?" मुलगी रडायला लागली, आई रडायला लागली, म्हसकर पुढे आले. तेच म्हसकर. आज रुमाल नव्हता नाकाला, कपाळाला तुझा सोडा होता.

"ताई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण त्या काही साध्या बाई नव्हत्या हो."

माझं टाळकंच सरकलं. "साधीच होती! माझी वहिनी साधीच होती. खडा उघडा ठेवलात म्हणून पीठ झालं त्याचं. थांबा, दाखवते." कोपऱ्यावरून लिंबू आणलं, तिथेच दातांनी फोडलं आणि ताटलीत पिळलं. तूच शिकवलेलं ना ते, सोडा असेल तर फसफसणार. फसफसला चांगला. लाल झालेली हळदही परत पिवळी झाली. मी विजयी मुद्रेनं वर बघितलं.

नलूताईंनी हात जोडले. "बाई गं, शांत झाल्या वहिनी."

आता हस. मला माहितेय, तू असतीस तर भिंतीला टेकून हसली असतीस. मला नाही आलं हसू. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. तू हयात असताना ह्यांनी तुला विषारी ठरवलं, गेल्यावर पवित्र ठरवलं. दोन्ही वेळेला सोडा सोडाच होता आणि दोन्ही वेळेला एकानंही नीट बघितलं नाही. मला नोटीस परवडली असती गं. नोटिशीवर निदान भांडता येतं. ह्या हात जोडण्यावर मी काय करू?

ताटली उचलली, लिंबू न लागलेला सगळा सोडा कागदात गोळा केला, पुड्या बांधलेल्यांच्या पुड्या हिसकावल्या. म्हसकरांना म्हटलं, "संध्याकाळी वर यायचं. तुम्ही, नलूताई, ज्याला यायचं तो. कपाळ धुऊन यायचं. नाही आलात तर हा फोटो मी इथून घेऊन जाईन, परत तुम्हाला दिसायचा नाही." फोटोची भीती वाटली वाटतं. आले.

बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवून गेले, आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले. दादा दाराशी. मी कधी एकटीनं केलेलं नव्हतं हे, तू नेहमी शेजारी, "हं, आता हळू, हं, आता गाळ" म्हणायला. पाणी गरम केलं. तुझी विभूती त्यात टाकली, लोकांच्या बोटांची घाण, अबीर, अगरबत्तीची राख, सगळ्यासकट. करडं पाणी झालं. अस्तर चौपदरी केलं आणि गाळलं. नलूताई मान लांब करून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "एवढी राख होती त्यात?" मी म्हटलं, "तुमचीच." पाणी निवल्यावर, ढिगाऱ्यातून आधीच बाजूला काढलेला खड्याचा एक साबूत तुकडा दोऱ्याला बांधून आत सोडला, झाकलं, आणि सगळ्यांना सकाळी परत बोलावलं.

झोप कसली लागतेय. वाटत होतं, नाही झालं तर? मी ढ. पाणी जास्त झालं असेल, लिंबू लागलं असेल. उद्या नलूताई म्हणतील, वहिनींची इच्छा नव्हती. एका पातेल्यावर तुझी सगळी इज्जत टांगून ठेवली मी, तीही फॉलच्या दोऱ्यानं.

सकाळी झाकण काढलं. दोऱ्याला घोसच्या घोस, काचेसारखे. दादानं भिंत धरली. तुझ्याएवढा मोठा नाही झाला, वाकडातिकडा आहे, पण आरपार दिसतो. नलूताईंनी बोट लावलं, खिडकीशी धरून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे कुणालाही जमतं?" मी म्हटलं, हो, मला जमलं म्हणजे कुणालाही.

म्हसकर मात्र ओट्याजवळ गेले, पातेल्यावर वाकले आणि नाक आत घातलं. एकदा. मग चष्मा काढून परत एकदा. वर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"वास नाही येत," ते म्हणाले.

इतके दिवस जिभेवर घोळवलेली सगळी वाक्यं तयार होती, आणि मी पातेल्यावर झाकण ठेवलं. ते तुझ्या चप्पल-स्टँडपाशी पायानं चपला चाचपत राहिले आणि परत म्हणाले, "ताई, ह्याला वासच नाही." इतकंच करायचं होतं त्यांना, वहिनी. त्या संध्याकाळी तू पातेलं पुढे धरलंस तेव्हा जरा वाकायचं होतं. तेवढं वाकायला ह्यांना तुझं मरण लागलं.

मी माफ केलेलं नाही, सांगून ठेवते. तू केलं असतंस, चहाही केला असतास. ते आपलं भांडण आहे तसंच आहे आणि मी ते सोडणार नाही.

आज दुपारी लिफ्टसमोर नवा कागद लागलाय. मी नाही लावला, दादानंही नाही. म्हसकरांच्या अक्षरात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या घरून कधीही वास येत नव्हता, आमची चूक झाली, आणि परत वास आला तर सगळ्यांनी मिळून कंपनीच्या गेटवर जायचं. खाली सही. नलूताईंचीही.

तुला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नाही, दोनदा खाली जाऊन वाचून आले. मानू नकोस तू. ये, बघ.